‘कडकडाट’चा दुसरा अल्बम

रुद्र इगतपुरीच्या मौन शिबिराला गेला तेव्हा मला खरं तर बरंच वाटलं होतं. आमच्या बँडचा गायक तोच, गिटार वाजवणारा तोच, आणि दोन गाण्यांच्या मधे भाषण करणाराही तोच. थोडे दिवस तोंड बंद ठेवून आला तर त्याच्या घशाला आराम आणि आमच्या कानांना, एवढाच माझा साधा विचार. घशाला आराम मिळाला. पण परत आला तो माझ्या पोटावर पाय द्यायलाच.

पोट म्हणजे खरं पोट नव्हे. ते भरायला नाशिकच्या द्वारका चौकात माझं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. वडिलांनी पेठ तालुक्यातून येऊन टाकलेलं, त्यामुळे त्यात माझं कर्तृत्व शून्य. पण लग्नाकार्यात कुणी विचारलं, ‘काय करता?’ तर मी आधी ‘ड्रमर आहे’ असंच सांगतो. समोरचा म्हणतो, ‘बँजो पार्टीत का?’ मग मी दुकानाचं कार्ड काढतो.

‘कडकडाट’ हे बँडचं नाव. मराठी रॉक. कॉलेजात असताना मी, रुद्र आणि दीपकनं काढला. दीपक बास गिटार वाजवतो. नोकरी नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये. तिथं नेमकं काय करतो असं विचारलं तर ‘काम’ म्हणतो. बँडमध्येही साधारण तेवढंच बोलतो. चार वर्षांपूर्वी कीबोर्डवर निकिता आली. ती आमच्यापेक्षा बरीच लहान, विंचूरच्या एका वायनरीत लॅबमध्ये आहे, आणि आमच्यात संगीत रीतसर शिकलेली ती एकटीच. तरी आमच्यात का आली हे मी तिला कधी विचारलं नाही. विचार करून निघून गेली असती तर?

आमचा पहिला अल्बम ‘वणवा’. त्यातल्या प्रत्येक गाण्यात मी पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत वाजवतो. कुठंही थांबत नाही. एका गाण्यात तर गाणं संपल्यावरही थोडा वेळ वाजवलंय. प्रॅक्टिस आमची दुकानाच्या वरच्या गोडाऊनमध्ये. खाली द्वारकेचा चौक, उड्डाणपूल, ट्रक, बस, रिक्षा. आमच्या आवाजाबद्दल आजवर कुणाचीही तक्रार आली नाही. आली असेल तर ऐकू आली नाही.

तर रुद्र आला. अंगानं बारीक झालेला, दाढी केलेली, चेहऱ्यावर देवळातून आल्यासारखं काहीतरी. आम्हाला तिघांना समोर बसवलं आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. मला वाटलं, मौन अजून सुटलेलं नाही.

मग म्हणाला, “आपण आजवर सगळं भरत गेलो. आता जागा सोडायची.”

निकितानं मान हलवली. दीपकनं हलवली की नाही ते कळत नाही, पण नकार तरी दिला नाही. सगळ्यांना कळलंय तर आपण मागं कशाला राहायचं म्हणून मीही म्हणालो, “एकदम बरोबर. जागा पाहिजेच.”

“लांब लांब रचना. कडवी नाहीत, धृपद नाही. दुरून काहीतरी येतंय असं वाटलं पाहिजे. आवाज नाही, वातावरण.”

“वा,” मी म्हणालो. “मग त्यात मी काय वाजवायचं?”

रुद्रनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “धन्या, तू जागा सोडायची.”

तिथून माझी घसरगुंडी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात त्यानं माझ्या काठ्या काढून घेतल्या आणि तारेचे ब्रश दिले. त्या ब्रशांनी ड्रम वाजवायचे म्हणजे भिंतीची जळमटं काढल्यासारखं वाटतं. पुढच्या आठवड्यात तेही जड झाले, मग लोकरीचे गोळे लावलेल्या काठ्या आल्या. मग ‘नुसत्या बोटांनी करून बघ’. मग मोठा ड्रम कोपऱ्यात गेला आणि त्यावर निकिता तिचा डबा ठेवायला लागली. एका रचनेत मी संपूर्ण वेळ नुसता बसून होतो. संपल्यावर रुद्र म्हणाला, “यात तू मस्त होतास.”

माझ्या जागी दुसरा ड्रमर घेणार असते तर मी त्याच्याशी भांडलो असतो. इथं माझ्या जागी शांतता घेत होते. तिच्याशी भांडायचं तर आवाज करावा लागतो, आणि आवाज केला की आपणच चूक ठरतो.

घरी सविताच्या लगेच लक्षात आलं. प्रॅक्टिसहून आलो की मी जेवताना ताटाच्या कडेवर बोटांनी ठेका धरतो, सोळा वर्षांची सवय. तो बंद झाला होता.

“अहो, बरं वाटत नाही का?”

“नवीन अल्बमचं काम चालू आहे. वातावरणनिर्मिती करतोय.”

“ती तर तुम्ही घरात रोजच करता,” सविता म्हणाली आणि मला अजून एक भाकरी वाढली.

त्या रात्री मी ठरवलं की रडत बसायचं नाही. वातावरण हवंय ना? मग या गावात सगळ्यात जास्त वातावरण मीच करून दाखवणार. मी व्हिडिओ बघायला लागलो. त्यात गोरे लोक डोळे मिटून वाट्या वाजवतात. मी ऑनलाइन एक तिबेटी वाटी मागवली. ती घासायला लागलो की आमचं शेजारचं कुत्रं भुंकायचं, म्हणजे परिणाम होत होता. पण रुद्रनं ती ऐकून ‘थोडी हॉटेलच्या स्पासारखी वाटतेय’ असं म्हणून बाजूला ठेवली. सध्या तिच्यात सविता दही लावते. चांगलं लागतं.

मग मी तांदूळ भरलेले डबे आणले. साखळ्या आणल्या. ऑइल फिल्टरचा रिकामा पत्र्याचा डबा आणून त्यावर नखं फिरवली, तेव्हा निकिता दोन्ही कान धरून बाहेर गेली. मला स्वतःलाच कळत होतं की मी कामावरून काढू नये म्हणून साहेबांच्या पोरांना फिरायला नेणाऱ्या कारकुनासारखा वागतोय. पण थांबता येत नव्हतं.

शेवटी दुकानानंच हात दिला. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा जुना पाटा काउंटरवरून घसरला. पाटा म्हणजे ट्रकच्या खाली धक्के झेलायला लोखंडी पट्ट्या असतात, त्यातली एक. ती फरशीवर पडली आणि असा काही नाद निघाला की गिऱ्हाईक आणि मी दोघं तो संपेपर्यंत गप्प उभे राहिलो. मग गिऱ्हाईक म्हणालं, “नवीन द्या बरं का, हा नको.”

मी तो पाटा वर नेला, साखळीनं छताच्या पाइपाला टांगला आणि प्रॅक्टिसला रुद्रसमोर त्याच्यावर लोकरीच्या काठीनं एक टोला दिला.

रुद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी जवळून बघितलं.

“हे काय आहे, धन्या?”

“दहाचाकीचा मागचा पाटा.”

“हाच,” तो म्हणाला. “आपली शेवटची रचना याच्याभोवती. पहिला भाग आम्ही तिघं वाजवणार, हळूहळू चढवत नेणार. मग तू हा एक टोला द्यायचास. त्यावर आम्ही दुसऱ्या भागात जाणार. तू टोला देईपर्यंत कुणी पुढं जायचं नाही.”

“आणि मग?”

“मग काय?”

“मग मी पुढं काय वाजवायचं?”

“पुढं काही नाही. एकच टोला.”

नऊ मिनिटांची रचना. एक टोला. घरी येऊन मी सविताला सांगितलं की मला सोलो मिळालाय.

आता अडचण अशी आली की द्वारकेला शांतता रेकॉर्ड होईना. निकिता कीबोर्डवर एक सूर धरायची, तो हळूहळू विरत जायचा, आणि बरोबर विरण्याच्या टोकाला खाली एखादा कंडक्टर ‘पंचवटी, पंचवटी’ ओरडायचा. पाट्याच्या नादात रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकचं गाणं मिसळायचं. रुद्र दोनदा ‘हेही वातावरणच आहे’ म्हणाला, तिसऱ्यांदा त्यानं खिडकीतून शिवी दिली. शिबिराचा परिणाम तितपतच टिकला.

तेव्हा निकितानं टाकीचं काढलं.

तिच्या वायनरीत स्टीलच्या मोठमोठ्या टाक्या आहेत. द्राक्षांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यातल्या काही रिकाम्या असतात. आत टाळी वाजवली तर आवाज कितीतरी वेळ घुमत राहतो, असं ती म्हणाली. मालकांची परवानगी तिनंच काढली. मालकांना वाटलं आम्ही भजनी मंडळ आहोत, आणि आम्ही तो गैरसमज दूर केला नाही.

रविवारी सकाळी मी टेम्पोत सामान भरलं आणि आम्ही विंचूरला निघालो. मार्केटकडे जाणाऱ्या कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या मागं चांगला अर्धा तास काढला. पोचलो तेव्हा निकितानं सगळी तयारी करून ठेवली होती. टाकी धुतलेली, वरचं झाकण उघडं, पंखा लावून सकाळपासून आत हवा सोडलेली, गॅस मोजायचं यंत्र आत टाकून तपासलेलं. ती दारापाशी उभी राहिली आणि म्हणाली, “मी सांगितल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. आत असताना कुणी गंमत करायची नाही.” तिच्या आवाजात अशी धार मी कधी ऐकली नव्हती. बँडमध्ये ती ही धार का वापरत नाही, असा विचार मनात येऊन गेला.

टाकीचं दार खालच्या बाजूला होतं. दार कसलं, लंबगोल भोक. रुद्र पालीसारखा सरसर आत गेला. आतून त्यानं टाळी वाजवली आणि तो आवाज फिरत फिरत इतका वेळ राहिला की बाहेर आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसलो. मग त्यानं माइक आत घेतला, पाटा आत घेतला. दीपक बाहेर लॅपटॉप घेऊन बसला, कानाला हेडफोन लावला.

“धन्या, ये आता,” रुद्र आतून म्हणाला. “टोला तुझा आहे.”

निकितानं भोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “दादा, तुम्ही बाहेरूनच हात घालून…”

आता सांगतो, तिनं एवढं बोलायला नको होतं. माझं पोट गेल्या काही वर्षांत आमच्या दुकानाच्या पाटीच्याही पुढं आलंय, हे मला माहीत आहे. पण नऊ मिनिटांत एकच टोला मिळालेला माणूस तोही दाराबाहेरून हात घालून देणार? मी म्हणालो, “जातो की,” आणि दोन्ही हात आत घातले. मग डोकं गेलं. खांदे तिरके करून गेले. मग पोट आलं आणि तिथं प्रकरण थांबलं.

मी श्वास सोडला, थोडा पुढं सरकलो. श्वास घेतला, पक्का बसलो. अर्धा मी आत अंधारात, आंबूस वासात. अर्धा बाहेर विंचूरच्या उन्हात. रुद्रनं आतून माझे हात धरून ओढायला सुरुवात केली. त्याच वेळी दीपकनं, न बोलता, बाहेरून पाय धरले आणि तोही ओढायला लागला. दोघं उलट दिशांनी. दाराची कड पोटात रुतली आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडलो,

“मला काढू नका!”

टाकीनं ते घेतलं आणि फिरवलं. काढू नका, काढू नका, ढू नका, नका. माझाच आवाज माझ्या डोक्यावरून गोल गोल जात होता, आणि दर फेरीला जास्त केविलवाणा होत होता.

ओढणं थांबलं. बाहेरून निकिताचा आवाज आला, हळू. “दादा, तुम्हाला कोण काढतंय?”

मी म्हणू शकलो असतो की पोट दुखतंय. पण डोकं टाकीत आणि पाय उन्हात अशा अवस्थेत माणसाचा स्वाभिमान नेमका कुठल्या बाजूला राहतो कोण जाणे. माझ्या तोंडून भसाभसा निघालं. “तुम्हीच काढताय. सगळे मिळून. आधी काठ्या काढल्या, मग मोठा ड्रम काढला, त्यावर डबे ठेवले. बोटांनी वाजवलं तर तेही जास्त झालं. आता एक टोला उरलाय, तो गेला की मीच. सरळ सांगा ना. कुत्रंसुद्धा माझं वाजवणं ऐकून भुंकतं, तुम्ही नुसतं ‘मस्त होतास’ म्हणता.”

हे सगळं, शब्दन् शब्द, मला परत ऐकावं लागलं. स्वतःचं रडगाणं एवढ्या चांगल्या आवाजात मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

रुद्र आत माझ्यासमोर उकिडवा बसला. अंधारात त्याचा चेहरा धड दिसत नव्हता.

“धन्या, तुला काढायचा विचारसुद्धा नाही आला मला. गाढवा, अडचण माझी आहे.”

“तुझी कसली?”

“माझ्याकडे गाणीच नाहीत उरली. वर्षभर एक ओळ लिहिली नाही. तिकडं शिबिरात काहीतरी सुचेल म्हणून गेलो. काही सुचलं नाही, पाय तेवढे दुखले. मग परत येताना गाडीत विचार केला, की शब्दच नको असं म्हटलं तर?”

‘तर, तर, तर,’ टाकी म्हणाली.

“म्हणजे वातावरण…”

“वातावरण आवडायला लागलं नंतर. खरंच आवडतं आता. पण सुरुवात अशीच.” मग म्हणाला, “आणि ‘वणवा’ला तू इतका जोरात वाजवायचास ते बरं होतं रे. माझ्या ओळी कुणाला नीट ऐकू गेल्या नाहीत. तू हळू वाजवायला लागलास तेव्हा मी त्या एकदा गुणगुणून बघितल्या आणि माझ्या लक्षात आलं, त्या भिकार आहेत.”

सोळा वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशी असं बोललो नव्हतो. बोलायची जागा मिळाली तीही अशी की त्याला बाहेर येता येत नव्हतं, कारण दारात मी अडकलो होतो.

तेवढ्यात बाहेरून दीपक म्हणाला, “लेव्हल चांगली येतेय.”

माइक चालू होता.

मला शेवटी साबणाच्या पाण्यानं सोडवलं. निकितानं शर्ट वर करायला लावून पोटाभोवती पाणी ओतलं, दीपकनं सांभाळून ओढलं आणि मी बाहेर आलो. शर्टाची दोन बटणं आत राहिली. टाकीत बाहेरची वस्तू चालत नाही म्हणून रुद्रला ती शोधून काढल्याशिवाय निकितानं बाहेर येऊ दिलं नाही. रुद्रनं मला विचारलं, “ते बोलणं रेकॉर्ड झालंय, शेवटच्या रचनेत घ्यायचं का?” मी ‘नाही’ म्हणालो. मग त्याला त्याची स्वतःची वाक्यं आठवली आणि तोही घाईनं ‘नाही’ म्हणाला. निकितानं आमच्या देखत ते पुसून टाकलं.

आणि मग मी बाहेर बसकण मारून, भोकातून नुसता हात आत घालून टोला दिला. तिनं सुरुवातीलाच सांगितलं होतं तसा. नाद वर चढला, झाकणापाशी जाऊन वळला, परत खाली आला. कुणी हललं नाही. दीपकनं हेडफोन काढून माझ्या कानाला लावला, आणि मला वाटलं, चालेल. एकच असला तरी चालेल.

अल्बमचं नाव ‘रिकामं’ ठेवलं. इंटरनेटवर टाकला, आणि नंतर गंगापूर रोडच्या एका छोट्या हॉलमध्ये संध्याकाळी कार्यक्रम केला. तीसेक माणसं आली. निम्मे रुद्रच्या गिटारच्या क्लासचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक. सविता पहिल्या रांगेत. आणि मागच्या रांगेत पाच-सहा जुने चाहते, काळे टी-शर्ट घालून. कार्यक्रम कसा आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या दोन रचना होईपर्यंत ते माना हलवायच्या तयारीत बसून राहिले, हलवायची संधी काही मिळाली नाही.

शेवटची रचना आली. मी मधे, पांढरा झब्बा घालून, पाट्यासमोर उभा. निकितानं पहिला सूर धरला. मला काम नव्हतं, म्हणून मी डोळे मिटून ऐकायला लागलो.

आता गोडाऊनमध्ये मी हे शंभर वेळा ऐकलं होतं असं मला वाटत होतं. पण तेव्हा माझं सगळं लक्ष माझ्या टोल्यावर. कधी द्यायचा, किती जोरात, रुद्र बघतोय का, खूश आहे का. त्या दिवशी पहिल्यांदा ती भीती नव्हती. आणि मला खालून काहीतरी ऐकू यायला लागलं. अगदी खोल, हळू. घरात सगळे झोपलेत आणि कुणीतरी उठून, कुणाला जाग येऊ नये म्हणून पावलं जपून टाकत चाललंय, तसं. दोन पावलं पुढं, थांबणं, एक मागं. हे काय आहे असं मनात आलं. मग कळलं, हा दीपक आहे. हा असं वाजवतो. मी त्या पावलांच्या मागं मागं गेलो. इतका गेलो की मी स्टेजवर आहे हे विसरलो.

मी टोला दिलाच नाही.

आणि मी टोला देईपर्यंत कुणी पुढं जायचं नाही असं ठरलेलं. तिघं तिथंच फिरत राहिले. मधे मी डोळे उघडले तर रुद्र माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, त्यालाही भरून आलंय. मी त्याच्याकडे बघून प्रेमानं मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले. निकितानं भुवया उंचावल्या, सविता सांगते, दोनदा. पालकांमध्ये एक-दोघांनी डोळे मिटून घेतले. कुणीतरी मोठा उसासा टाकला. रचना नऊ मिनिटांच्या कितीतरी पुढं निघून गेली.

शेवटी मागच्या रांगेतून एका काळ्या टी-शर्टला राहवलं नाही. “धन्याभाऊ, आता तरी हाण की!”

मी दचकून हाणला.

नाद छान आला, त्याबद्दल वाद नाही. पण काळ्या टी-शर्टवाल्यांनी संध्याकाळभर दाबून ठेवलेलं सगळं त्यावर बाहेर काढलं. शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या. एक जण खुर्चीवर चढला. रचनेचा दुसरा भाग, जो रुद्रच्या मते अल्बमचा गाभा आहे, तो पूर्णपणे शिट्ट्यांमध्ये वाहून गेला. रुद्र चिडेल असं वाटलं होतं. पण मी तिरक्या नजरेनं बघितलं तर तो वाकून गिटार वाजवत होता आणि खांदे हसण्यानं गदगदत होते.

दोन दिवसांनी एका मुलीनं इंटरनेटवर आमच्याबद्दल चार ओळी लिहिल्या. त्यात होतं की ‘वाट पाहण्याचं धाडस’ या बँडला साधलंय, आणि ड्रमर धनराज भोये यांचा संयम थक्क करणारा आहे. रुद्रनं ते मला पाठवलं आणि खाली विचारलं, पुढच्या वेळी पण एवढाच थांबशील का? मी प्रॅक्टिसला प्रयत्न करून बघितला. मुद्दाम जमत नाही. मुद्दाम थांबलो की मला खाज सुटते.

अल्बम फार कुणी ऐकला नाही. कॉलेज रोडच्या एका योगा क्लासमध्ये शेवटी शवासनाला लावतात म्हणे. म्हणजे आमचे सगळ्यात नियमित श्रोते आम्हाला आडवे पडून, डोळे मिटून ऐकतात आणि निम्मे घोरतात. रुद्र आता पुन्हा लिहायला लागलाय. दोन ओळी दाखवल्या परवा. पहिलीपेक्षा दुसरी बरी होती, तसं मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. कार्यक्रम झाल्यावर मी आणि दीपक टेम्पोत सामान भरत होतो. तो वायर कोपराभोवती गुंडाळत होता.

मी म्हणालो, “दीपक, तू काय वाजवतोस रे!”

तो थांबला. “का? चुकलं?”

“नाही नाही. चांगलं वाजवतोस. फारच चांगलं.”

“सोळा वर्षं असंच वाजवतोय.”

“मग कधी बोलला नाहीस ते?”

“बोललो होतो,” दीपक म्हणाला. “तू वाजवत होतास.”

आणि वायर टेम्पोत टाकून तो पुढची आणायला गेला.

पुढच्या रविवारी मी नाशिक रोडला त्याच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत आत बसायला असा गेलो नव्हतो, खालून हॉर्न मारून त्याला बोलवायचो. त्याच्या बायकोनं दार उघडलं, मला बघून आधी घाबरली, कुणाला काही झालंय का म्हणून. मी म्हणालो, “काही नाही वहिनी, ऐकायला आलोय.” दीपकनं बास काढला, छोटा अँप लावला आणि पलंगाच्या कडेवर बसून वाजवायला लागला. मी खाली चटईवर. हात सवयीनं गुडघ्यावर ठेका धरायला गेले, ते मी मांडीखाली दाबून बसलो.

एक सुरावट त्यानं दोन-तीनदा वाजवली. मला ती इतकी आवडली की मी विचारलं, “हे कुणाचं गाणं आहे?”

दीपकनं माझ्याकडे बघितलं. “आपलंच.”

“कुठलं?”

त्यानं सांगितलं. मी आणखी एकदा वाजवायला सांगितलं. आतून वहिनींनी विचारलं, “भाऊजी, चहा ठेवू का?” मी हळूच, सूर मोडू नये म्हणून, नुसतं बोटानं ‘अर्धा’ असं दाखवलं. त्यांना ते भिंतीपलीकडून दिसणार नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, आणि दीपक वाजवता वाजवताच म्हणाला, “ठेव. तो ऐकतोय.”